सेट प्रेशर

मकरपुऱ्यातल्या आमच्या शेडमध्ये
प्रत्येक सेफ्टी व्हॉल्व्हला एक आकडा असतो.
साडेदहा बार. बारा. सोळा.
तेवढा दाब आला की उघडायचं.
आकडा मी सर्टिफिकेटवर टाइप करते, शिक्का मारते,
अकरा वर्षं झाली.
माझा आकडा कुणी काढलेला नाही.

मार्चमध्ये वापीहून नवे साहेब आले.
भिंतीवर स्क्रीन लागला, स्क्रीनवर आमची नावं,
नावांपुढे चौकोन.
शिर्के हेमांगी, लाल.
शिर्के हेमांगी, लाल.
एका बुधवारी अर्धा तास हिरवा होता,
सर्व्हर बंद पडला होता तेव्हा.

रात्री पावणेबाराला उशीशी फोन थरथरतो:
दहेजच्या डिस्पॅचचं काय झालं?
मी अंधारात उत्तर लिहिते, शेवटी जोडलेले हात,
आणि दातांवर दात ठेवून झोपते.
दाढा झिजल्यात, डॉक्टर मुजुमदार म्हणाले, काही टेन्शन?
छे हो, मी म्हणाले, तोंडात त्यांचा आरसा असताना.
एवढं एक वाक्य मला कशातूनही म्हणता येतं.

मग एका शनिवारी अहमदाबादहून एक माणूस आला,
आमची अर्धी सुट्टी खाऊन
त्यानं सगळ्यांना एकेक पिवळा रबरी चेंडू दिला.
राग आला की दाबा.
खणात आहे अजून. दाबला की नव्या चपलेचा वास येतो.

जशुभाई टेस्टबेंचवर असतात. रिटायर व्हायला चौदा महिने.
त्यांची मराठी अर्धी गुजराती, माझी गुजराती अर्धी मराठी,
मधल्या वाटेवर आमचं भागतं.
काटा चढत होता, ते पाइपवर दोन बोटं ठेवून,
नाडी बघावी तशी.
फट्ट!
मी दर वेळी दचकते. ते दर वेळी हसतात.
"बेन, जो उघडत नाय, तो भंगार.
उघडून पाछा बसत नाय, तो पण भंगार."
यातला वाईट कुठला?
"पहिला. तो सारा दिसतो ने."

त्या रात्री मला चांगली झोप लागली, असं काही झालं नाही.

जुलैतला सोमवार. मीटिंग.
एक व्हॉल्व्ह परत आला होता.
माझ्या लाल चौकोनावर साहेबांचा लेझरचा ठिपका.
चूक माझी नव्हती, किंवा चार आणे होती.
मी उभी राहिले.
रात्री नवानंतर मी फोन बघणार नाही, म्हणाले.
विषय तो नव्हताच.
आवाज फाटला, शेवटच्या शब्दाची किंकाळी झाली,
समोर परागचं बिस्कीट चहात पडलं.
एसीचा आवाज किती मोठा आहे ते तेव्हा कळलं.
साहेब म्हणाले, नेक्स्ट.

आणि मी बसले.
पेन उचललं, रेघ मारली,
पुढचा मुद्दा लिहून घेतला. अक्षर नेहमीचं.
उघडले याचं नाही, बसले याचं नवल
मला स्कूटर घरी स्टँडला लावेपर्यंत पुरलं.

चौकोन लालच आहे.
फोन आता फ्रिजवर झोपतो, पावणेबाराला पत्रा गुरगुरतो.
पुष्कळदा मी जागीच असते. उठत नाही.
डबा खाऊन झाला की दहा मिनिटं जशुभाईंकडे जाते.
काचेवर पेस्ट, पेस्टवर डिस्क,
इंग्रजी आठ काढत घासायची, हलक्या हातानं,
जोर लावला की चरा पडतो.
बसायची जागा अशी घासून घासून तयार होते,
आणि हे अकरा वर्षं
माझ्या टेबलापासून वीस पावलांवर चाललं होतं.

काल त्यांनी नळीचं टोक पेल्यातल्या पाण्यात बुडवलं.
बुडबुडे आले.
गळतंय की, मी म्हणाले.
"थोडा गळे ने, बेन. मोजायचा.
मिनिटाला चाळीसपर्यंत पास."

ते घड्याळ धरून. मी मोजत.
अकराव्यानंतर बराच वेळ काही आलं नाही.
पाण्याकडे बघत राहिले, तोंड अर्धवट उघडं,
दात दातांना लागत नव्हते.